सागरी मत्स्यालयाचा स्वनिर्मित प्रोटीन स्किमर : ॲक्रिलिक नळीची निवड

बीजसंज्ञा : सागरी मत्स्यालय, फेस-विलगीकरण, ॲक्रिलिक नळी, संपर्ककाळ, द्रावक-सांधा

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात गोड्या पाण्याची काचपेटी सांभाळणे फारसे अवघड नसते. समुद्राच्या पाण्याची पेटी मात्र थोड्याशा हयगयीनेही कोलमडते. माशांची विष्ठा, उरलेले अन्न, शेवाळाचे स्राव आणि माशांच्या अंगावरील श्लेष्मा यांतून प्रथिने व इतर सेंद्रिय पदार्थ पाण्यात मिसळत राहतात. त्यांचे विघटन होऊन अमोनिया, अमोनियापासून नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट तयार होते. मुंबईसारख्या शहरात स्वच्छ समुद्रजल वारंवार आणणे खर्चाचे असते. देशावरच्या महाविद्यालयांना तर कृत्रिम क्षारांवरच विसंबावे लागते. अशा वेळी सेंद्रिय पदार्थ कुजण्यापूर्वीच पाण्याबाहेर काढणारे साधन उपयोगी पडते. त्यालाच प्रोटीन स्किमर असे म्हणतात. मराठीत त्यास ‘फेस-विलगीकरण यंत्र’ म्हणता येईल. तथापि व्यवहारात स्किमर हाच शब्द रूढ असल्याने येथे तोच वापरला आहे.

तयार स्किमर बहुधा आयात केलेले व महाग असतात. विभागाच्या किरकोळ खर्चाच्या तरतुदीत ते बसत नाहीत. वस्तुतः या यंत्राची रचना अत्यंत साधी आहे. एक उभी नळी, तिच्या तळाशी हवेचे सूक्ष्म बुडबुडे, वर फेसाचा अरुंद गळा आणि त्यावर फेस गोळा करणारे पात्र एवढाच तिचा पसारा. पदार्थविज्ञान विभागाच्या कार्यशाळेत हे यंत्र सहज तयार होऊ शकते. मात्र प्रत्यक्ष अनुभव असा की, अशा यंत्रांचे अपयश पंपात क्वचितच असते. ते नळीच्या निवडीत व सांध्यांत असते. सुट्टीत, प्रयोगशाळा बंद असताना, सांधा उकलला तर पेटीतील निम्मे पाणी जमिनीवर आणि मासे तळाशी अशी अवस्था होते. म्हणूनच प्रस्तुत लेखात केवळ नळीच्या निवडीचा, तिच्यामागील भौतिक व रासायनिक कारणांसह, विचार केला आहे.

फेस कसा तयार होतो

प्रथिनांच्या रेणूचा काही भाग जलस्नेही तर काही भाग जलविरोधी असतो. असे रेणू हवा व पाणी यांच्या सीमेवर जमा होतात. पाण्यातून हवेचा बुडबुडा वर चढत असताना त्याच्या पृष्ठभागावर या रेणूंचा थर बसतो. असे असंख्य बुडबुडे पृष्ठभागी पोचले की त्यांचा फेस होतो. फेसातील पाणी हळूहळू खाली निथळते आणि सेंद्रिय द्रव्य वर राहते. समुद्रकिनाऱ्यावर वादळी वाऱ्यानंतर दिसणारा पिवळसर फेस ही याच क्रियेची नैसर्गिक आवृत्ती होय.

गोड्या पाण्यात हे यंत्र नीट चालत नाही, यामागे एक महत्त्वाचे कारण आहे. गोड्या पाण्यात लहान बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात; समुद्रजलातील क्षार या मिसळण्यास प्रतिबंध करतात. त्यामुळे खाऱ्या पाण्यात बुडबुडे सूक्ष्म राहतात व त्यांचे एकूण पृष्ठफळ मोठे राहते. खाडीतील निवट्यासाठी केलेल्या मचूळ पाण्याच्या पेटीत स्किमर निस्तेज भासतो तो याचमुळे. तो दोष नळीचा नव्हे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. स्किमर पाणी ‘संपूर्ण शुद्ध’ करतो असे जाहिरातींतून सूचित केले जाते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन व त्यांचे सहकारी यांनी २००९ च्या सुमारास निरनिराळ्या स्किमरांची मोजमापे केली. त्यांत असे आढळले की, पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनापैकी साधारण पाव ते तिसरा हिस्साच स्किमर काढू शकतो, आणि निरनिराळ्या यंत्रांच्या कामगिरीतील फरक अपेक्षेपेक्षा कमी असतो. घरी यंत्र बनविणाऱ्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. शेवटच्या काही टक्क्यांमागे धावण्यापेक्षा गळणार नाही, तडकणार नाही आणि धुता येईल असे यंत्र बनविणे अधिक शहाणपणाचे ठरते.

व्यास आणि उंची

नळी निवडताना पहिला प्रश्न व्यासाचा. २०० लिटर पाण्याच्या पेटीचे उदाहरण घेऊ. संपूर्ण पाणी तासाला एकदा स्किमरमधून जावे असे धरल्यास प्रवाह मिनिटाला सुमारे ३.३ लिटर होतो. पाणी नळीत किमान २ मिनिटे राहावे असा संकेत स्वनिर्मात्यांमध्ये रूढ आहे. म्हणजे नळीची धारकता सुमारे ६.७ लिटर हवी.

आता ३ मिमी जाडीच्या निरनिराळ्या नळ्या पाहू. ५० मिमी बाह्य व्यासाच्या नळीचा अंतर्व्यास ४४ मिमी व छेदक्षेत्र सुमारे १५ चौरस सेंमी असते, ६.७ लिटर मावण्यास ती जवळजवळ साडेचार मीटर उंच लागेल. प्रयोगशाळेच्या छतालाही ती मानवणार नाही. ७५ मिमीच्या नळीला सुमारे १८० सेंमी उंची लागते. १०० मिमीच्या नळीचे छेदक्षेत्र सुमारे ६९ चौरस सेंमी, म्हणून उंची ९६ सेंमी. तर १५० मिमीच्या नळीचे १६३ चौरस सेंमी, म्हणून उंची अवघी ४१ सेंमी. व्यास दुप्पट झाला की क्षेत्र चौपट होते, हे शाळेतले सूत्र येथे खिशाला थेट भिडते. बुडबुड्यांनी व्यापलेली जागा वजा जाते हे ध्यानात घेऊन उंची थोडी अधिकच धरावी.

व्यासाचा आणखी एक परिणाम होतो, आणि तो बहुधा दुर्लक्षिला जातो. विरुद्धप्रवाही रचनेत पाणी वरून खाली व बुडबुडे खालून वर जातात. वरील प्रवाहात ५० मिमीच्या नळीत पाण्याचा खाली जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३.६ सेंमी, १०० मिमीच्या नळीत ०.८ सेंमी आणि १५० मिमीच्या नळीत ०.३४ सेंमी इतका येतो. स्टोक्सच्या नियमानुसार ०.१ मिमी व्यासाचा बुडबुडा स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण अर्धा सेंमी वेगाने चढतो. अर्थात १५० मिमीच्या नळीत तो सावकाश का होईना, वर जातो. १०० मिमीच्या नळीत तो खाली ओढला जाऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर पेटीत येतो. ५० मिमीच्या नळीत तर ०.२ मिमीचे बुडबुडेही टिकत नाहीत. पेटीतील पाणी दुधाळ दिसू लागले की पंपाला दोष दिला जातो. खरा दोष अरुंद नळीचा असतो.

तर मग सर्वांत रुंद नळी घ्यावी काय? तसेही नाही. रुंद व बुटक्या नळीत बुडबुड्याचा प्रवास लवकर संपतो. अर्ध्या मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला ५ सेंमीच्या आसपास वेगाने चढतो. ४१ सेंमीच्या स्तंभात तो ९ सेकंदांत, तर ९६ सेंमीच्या स्तंभात सुमारे २३ सेकंदांत वर पोचतो. बुडबुड्यावर प्रथिनांचा थर नीट बसण्यास दुसरी स्थिती अधिक अनुकूल होय. शिवाय रुंद नळी बुडबुड्यांनी तितकीच दाट भरावयाची तर हवाही क्षेत्राच्या प्रमाणात, म्हणजे येथे दुपटीहून अधिक, पुरवावी लागते. साधा हवापंप व लाकडी हवादगड वापरणाऱ्याने १०० ते ११० मिमीच्या उंच नळीकडे वळावे, आणि प्रवाह थोडा कमी ठेवून सूक्ष्म बुडबुड्यांचा प्रश्न सोडवावा. सुईचक्र असलेला पंप उपलब्ध असेल तर १५० मिमीची बुटकी नळी योग्य. ती टेबलाखालच्या कप्प्यातही बसते.

भिंतीची जाडी

जाडीविषयी अनाठायी भीती आढळते. ६० सेंमी उंचीच्या समुद्रजलाचा तळाशी दाब सुमारे ६ किलोपास्कल असतो. १०० मिमी व्यासाच्या व ३ मिमी जाडीच्या नळीत त्यामुळे निर्माण होणारा परिघीय ताण अवघा ०.१ मेगापास्कल येतो. ॲक्रिलिकची ताणसहनशक्ती ७० मेगापास्कलच्या आसपास आहे. दीर्घकाळच्या भारासाठी तिचा दहावा हिस्साच सुरक्षित मानला तरीही पाण्याच्या दाबाने नळी फुटण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

जाडी लागते ती वेगळ्या कारणासाठी. नळीचे टोक तळाच्या चकतीला चिकटवताना सांध्याला मिळणारी रुंदी म्हणजेच भिंतीची जाडी. २ मिमीच्या काठावर सांधा बसतो खरा, पण धुताना बसलेल्या एका हिसक्याने तो सुटू शकतो. म्हणून १०० मिमीपर्यंत ३ मिमी आणि त्याहून मोठ्या नळीस ४ ते ५ मिमी जाडी व्यवहार्य ठरते. नळीच्या भिंतीतच आटे पाडून नळजोडणी बसविण्याचा मोह टाळावा. वक्र भिंतीत आटे पुरेसे बसत नाहीत व प्रत्येक आटा तड्याचा आरंभबिंदू ठरतो. त्याऐवजी जाड ॲक्रिलिकचा तुकडा बाहेरून चिकटवून आटे त्यात पाडावेत.

ओतीव की दाबून काढलेली

ॲक्रिलिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट. १९३० च्या दशकात जर्मनी व इंग्लंडमध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले; प्लेक्सिग्लास आणि पर्स्पेक्स ही नावे तेव्हापासूनची. त्याच्या नळ्या मुख्यतः दोन प्रकारे बनतात. ओतीव नळी फिरत्या साच्यात द्रवरूप मोनोमर ओतून घट्ट होऊ दिली जाते. दुसऱ्या प्रकारात वितळलेले ॲक्रिलिक साच्याच्या तोंडातून दाबून अखंड बाहेर काढले जाते. बाजारात ती ‘एक्स्ट्रूडेड’ म्हणून मिळते व स्वस्त असते.

ओतीव नळीचा बाह्य पृष्ठभाग साच्याला टेकलेला असल्याने बाह्य व्यास नेमका असतो; आतील पृष्ठभाग मुक्त राहिल्याने जाडीत थोडा फरक पडू शकतो. तिचे रेणू लांब असतात व अंतर्गत ताण अल्प असतात. दाबून काढलेल्या नळीची जाडी अधिक एकसारखी असते, मात्र थंड होताना तिच्यात ताण अडकून राहतात. या ताणांचा उपद्रव कोरड्या नळीत दिसत नाही. द्रावक लावला, किंवा अल्कोहोलयुक्त द्रवाने पुसले, की केसासारख्या बारीक तड्यांचे जाळे उमटते. सांध्यालगत उमटलेले असे जाळे म्हणजे पुढील गळतीची पूर्वसूचना समजावी.

दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्याऐवजी काही साध्या कसोट्या करता येतात. करवतीने कापताना ओतीव ॲक्रिलिकचा भुसा कोरडा व सुटा पडतो. दुसऱ्याचा चिकट होऊन करवतीच्या दातांत गोळा होतो. दाबून काढलेल्या नळीवर लांबीच्या दिशेने अस्पष्ट रेषा दिसू शकतात. पदार्थविज्ञान विभागात दोन पोलरॉइड असतीलच. ते काटकोनात धरून मध्ये नळीचा तुकडा ठेवल्यास ताण असलेले भाग उजळ दिसतात. ॲक्रिलिकमध्ये हा परिणाम मंद असतो. झळझळीत रंगीत पट्टे दिसले तर तो तुकडा बहुधा पॉलिकार्बोनेटचा आहे असे समजावे. प्रकाशिकीच्या तासाला विद्यार्थ्यांना दाखविण्याजोगा हा प्रयोग आहे. याशिवाय पत्रा तापवून, गुंडाळून, उभा सांधा देऊन केलेल्या नळ्याही विकल्या जातात. अशी नळी फेसपात्रासाठी चालेल. सतत पाण्याने भरलेल्या स्तंभासाठी तो उभा सांधा म्हणजे विनाकारण पत्करलेला धोका होय.

ओतीव नळी परवडत नसेल तर दाबून काढलेली नळी वर्ज्य मानण्याचे कारण नाही. कापणे व छिद्रे पाडणे पूर्ण झाल्यावर, चिकटविण्यापूर्वी, ती ७० ते ७५ अंश सेल्सिअसवर काही तास ठेवून ओव्हनमध्येच अतिशय सावकाश थंड होऊ द्यावी. त्यामुळे अडकलेले ताण बरेच सैल होतात. रसायनशास्त्र विभागाचा तापमान-नियंत्रित ओव्हन यास पुरेसा आहे. स्वयंपाकाच्या ओव्हनवर भरवसा ठेवू नये, कारण १०० अंशांच्या पुढे ॲक्रिलिक मऊ पडून नळीचा आकारच बिघडतो.

संपूर्ण यंत्र ॲक्रिलिकचेच हवे काय

या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. पारदर्शकता आवश्यक असते ती गळ्यात व फेसपात्रात, कारण फेसाची पातळी पाहूनच प्रवाह जुळवावा लागतो. खालचा स्तंभ अपारदर्शक असला तरी कामात उणेपणा येत नाही. भारतीय मानकानुसार ६३, ७५, ९०, ११० मिमी अशा बाह्य व्यासांत मिळणारे पीव्हीसी पाइप सर्वत्र उपलब्ध आहेत. ११० मिमीचा पाइप स्तंभासाठी आणि केवळ वरचा भाग ॲक्रिलिकचा, ही रचना खर्चाच्या दृष्टीने सर्वांत उजवी होय. मात्र पाइप नवा घ्यावा. पूर्वी अशा पाइपांत शिशाची संयुगे स्थिरकारक म्हणून वापरली जात. भारत सरकारने २०२१ मध्ये त्याविषयी नियम अधिसूचित केले. भंगारातील जुना पाइप फुकट मिळाला तरी विषारीपणाच्या चाचण्या जेथे घेतल्या जातात तेथे त्याला थारा देऊ नये. पीव्हीसी व ॲक्रिलिक यांचा जोड द्रावकाने करण्यापेक्षा कडी, रबरी कडे व नायलॉनचे स्क्रू यांनी करावा. पितळ वा तांबे कोठेही नको. तांबे अपृष्ठवंशी प्राण्यांना घातक असते. हवेत ओझोन मिसळण्याचा विचार असेल तर नैसर्गिक रबराचे कडे तडकते, तेथे सिलिकॉनचे घ्यावे.

पॉलिकार्बोनेट आघात अधिक सोसते, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात. काचेची नळी सुंदर दिसते. तिला भोक पाडण्याचे धाडस मात्र ज्याने त्याने स्वतःच्या जबाबदारीवर करावे.

मोजणी, कापणी आणि सांधा

एकात एक बसणाऱ्या नळ्या घेताना छापील मापांवर विश्वास ठेवू नये. व्हर्नियरने प्रत्येक टोकाला परस्परांशी काटकोनात दोन मापे घ्यावीत. त्यांत अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फरक आढळला तर नळी अंडाकृती आहे व फेसपात्राचे रबरी कडे तिच्यावर घट्ट बसणार नाही.

गळ्याचा व्यास मुख्य नळीच्या साधारण निम्मा असावा. फार अरुंद गळ्यात फेस अडतो, फार रुंद गळ्यात तो वर चढण्याआधीच मोडतो. शंकूसारखा निमुळता भाग कार्यशाळेत करणे कठीण असल्याने मध्ये भोक असलेली सपाट चकती वापरतात. चकतीखालच्या कोपऱ्यात फेस थोडा घुटमळतो, हे मान्य करूनच ती वापरावी.

द्रावक-सांधा हा गोंदाचा सांधा नव्हे. डायक्लोरोमिथेन वा क्लोरोफॉर्म हे दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतात. ते पातळ असल्याने फट भरून काढीत नाहीत. म्हणून नळीचे टोक काटेकोर सपाट हवे. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर टोक गोलाकार घासल्यास ते साधते. काठ चमकदार दिसावा म्हणून ज्योतीवर फिरविण्याची पद्धत आहे. सांध्याच्या काठाला ती कटाक्षाने टाळावी, कारण त्या उष्णतेने निर्माण झालेला ताण द्रावक लागताच तड्यांच्या रूपाने प्रकट होतो. सुईने द्रावक सांध्यात सोडला की तो केशाकर्षणाने आत पसरतो. सांध्यात पांढरे ठिपके दिसले तर तेथे हवा राहिली आहे असे समजावे.

या द्रावकांची वाफ आरोग्यास अपायकारक आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये डायक्लोरोमिथेनच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली, यावरून त्याचे गांभीर्य ध्यानी यावे. हे काम धूर-कपाटाखाली शिक्षकाने वा अनुभवी साहाय्यकाने करावे. विद्यार्थ्यांकडून बंद खोलीत करवून घेऊ नये. वास पूर्ण जाईपर्यंत काही दिवस यंत्र उघडे ठेवावे, नंतर गोड्या पाण्याने भरून कोरड्या कागदावर रात्रभर उभे करावे. कागदावरील ओला ठिपका गळतीची जागा अचूक दाखवितो.

पेटीत कोणते प्राणी ठेवावयाचे याचा विचारही यंत्राआधीच व्हावा. प्रवाळ, समुद्रघोडे व समुद्रकाकड्या यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. शैक्षणिक सहलीत किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा तुकडाही विभागास अडचणीत आणू शकतो.

नवे यंत्र पहिले काही दिवस फेस देत नाही किंवा भलताच ओला फेस उसळवते. नव्या पृष्ठभागावर थर बसेपर्यंत ही अवस्था राहते व तेवढ्यावरून नळी बदलण्याची घाई करू नये. पुढे गळ्याच्या आतील भिंतीवर तपकिरी चिकट थर साचतो आणि फेस वर चढेनासा होतो. आठवड्यातून एकदा मऊ फडक्याने व साध्या पाण्याने तो पुसावा. काचा पुसण्याचे अमोनियायुक्त द्रव, स्पिरिट व तारेची घासणी यांपासून ॲक्रिलिक दूर ठेवावे, आणि पुसताना तळाचा सांधा उजेडाकडे धरून त्यात बारीक तडे उमटले आहेत काय, हे दर वेळी पाहून घ्यावे.